बारा जीबीची कपाशी

या आठवड्यात लोहाऱ्याच्या शिवारात एकजण कपाशीसमोर बारा जीबी रॅमचा नवा मोबाइल उंच धरून उभा दिसला. ई-पीक पाहणी! ॲपवर पिकाचा फोटो नोंदवायचे, २०२१ पासूनचे हे काम. फोटो क्षणात निघतो, मग रेंजसाठी बांधावरून बांधावर वारी. तिथे बारा जीबी रॅम काय करणार, डोंबल? पैसे पाठवायला तर २०२२ पासून १२३पे आहे, साध्या बटणाच्या फोनवरही यूपीआय चालते. पोरांचे खेळ सोडले तर नव्या प्रोसेसरची गरज कुणालाच नाही; गरज आहे ती जुना मोबाइल दुरुस्त होण्याची. (आमच्याकडे मोबाइल बिघडल्यावर नाही, शेजाऱ्याने घेतल्यावर बदलतो.) युरोपात जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या मोबाइलचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे पुरवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. दिल्लीने तेवढा नियम करावा, रॅमचे पुढे बघू.