दुर्मुखाचे वारस

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त सीतेविषयीचा लोकापवाद रामापर्यंत पोहोचविण्याचे काम दुर्मुख नावाच्या हेराकडे येते. असले काही उच्चारावे तरी कसे, या विचाराने तो व्याकूळ होतो आणि अखेर जे सांगावयाचे ते रामाच्या कानात सांगतो. विसाव्या शतकातील चित्रपटविषयक कुजबुज-स्तंभांचे लेखक हे या दुर्मुखाचेच वारस होत. वारशात त्यांना वार्ता मिळाली. व्याकूळता मिळाली नाही. कानात सांगावयाचे ते त्यांनी चव्हाट्यावर मांडले आणि त्याचा बाजार केला.

हा बाजार होता, हे आज बहुधा कुणी नाकारीत नाही. परंतु त्याच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हटकून पुढे केला जातो. या स्तंभांनी लैंगिकतेविषयीचे मौन फोडले, ढोंगी सभ्यतेचा बुरखा फाडला आणि समाज अधिक मोकळा केला, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.

हर्स्ट समूहाच्या वृत्तपत्रांतून लिहिणाऱ्या लुएला पार्सन्स यांनी डिसेंबर 1949 मध्ये अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन गर्भवती असल्याची वार्ता फोडली. बर्गमन विवाहित होत्या आणि मूल इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनी यांचे होते. मार्च 1950 मध्ये सिनेटर एडविन जॉन्सन यांनी थेट अमेरिकी सिनेटमध्ये त्यांच्यावर झोड उठविली आणि चित्रपटव्यवसायाला नीतीच्या निकषांवर परवाने देण्याची योजना मांडली. पुढे 'अ‍ॅनास्टेशिया' (1956) आला, गाजला आणि 1957 मध्ये बर्गमन यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. 1972 मध्ये सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सिनेटमध्ये जुन्या हल्ल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. या कथेचे सार 'काळ बदलला' असे काढले जाते. पण 1950 आणि 1957 यांच्या दरम्यान अमेरिकेची नीतिमत्ता पालटली नव्हती. विकण्याजोगा नवा चित्रपट तेवढा तयार झाला होता. आधी पाप विकले गेले, मग प्रायश्चित्त. दोन्ही वेळा गल्ला भरला तो एकाच दुकानाचा.

हे खरे की खोटे, याचा पडताळा भारतात, त्याच रोसेलिनींच्या निमित्ताने, लगेच मिळाला. भारतावर चित्रपट करण्यासाठी ते डिसेंबर 1956 मध्ये येथे आले. एका बंगाली माहितीपटकाराची पत्नी असलेल्या तरुणीशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले, आणि 1957 मध्ये मुंबईतील पत्रकारांनी त्या दोघांचा पाठलाग आरंभिला. त्याच वर्षी त्या तरुणीने थोरल्या मुलाला मागे ठेवून, धाकट्यासह देश सोडला आणि पुढचे आयुष्य रोममध्ये काढले. रोसेलिनींच्या चित्रपटाला 1959 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह पुरस्कार विभागून मिळाला. तिच्या वाट्याला मात्र बर्गमनसारखे पुनरागमन आले नाही. कारण अशा पुनरागमनासाठी पडदा लागतो. ज्यांना दुसऱ्यांदा विकता येते त्यांनाच हा बाजार क्षमा करतो. इतरांच्या पदरी केवळ पहिला अंक पडतो.

मुंबईत ऑक्टोबर 1971 मध्ये नारी हिरा यांचे 'स्टारडस्ट' निघाले. शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे, त्याच्या पहिल्या संपादक. त्यातील 'नीताज नॅटर' या सदराने हिंदी शब्दांची फोडणी दिलेली एक खट्याळ इंग्रजी रूढ केली. भाषेच्या इतिहासात तिची नोंद अवश्य व्हावी. परंतु ही नीता काल्पनिक होती. ज्यांची वार्ता छापायची त्यांची नावे खरी, सांगणारीचे तेवढे खोटे! जो मोकळेपणा सांगणाराला स्वतःच्या नावानिशी उभे राहू देत नाही, त्याला मोकळेपणा कसे म्हणावे?

या स्तंभांची नीतीही तपासण्याजोगी आहे. भारतीय दंडविधानाचे कलम 497 व्यभिचारासाठी केवळ पुरुषाला आरोपी करी, कारण त्याच्या लेखी पत्नी ही पतीची मालमत्ता होती. स्तंभांनी नेमका उलटा न्याय चालविला. 'घर फोडणारी' हे विशेषण त्यांनी स्त्रीसाठी राखून ठेवले. पुरुषाला 'रंगेल' म्हणून त्याची किंमत वाढविली. कायद्यातील तो डाग सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी पुसला, तो समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांच्या आधारे. त्या निर्णयाचे श्रेय कुजबुजीला देता येणार नाही.

'निदान सत्तावंतांची बिंगे तरी फुटली,' हा शेवटचा बचाव तर सर्वांत दुबळा आहे. हॉलिवूडमध्ये कोण कुणाबरोबर जेवले, हे दशकानुदशके छापले गेले. निर्माता हार्वी वाइनस्टीनचे अत्याचार मात्र ऑक्टोबर 2017 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शोधपत्रकारांना कागदपत्रे आणि साक्षी जमवून, स्वतःच्या नावानिशी मांडावे लागले. कुजबुजीने प्रणय उघडा केला. जुलूम उघडा केला नाही. प्रणयात गंमत होती, जुलमात जोखीम.

आता छापील स्तंभाची जागा दूरचित्रवाणीने घेतली आहे. 2020 मध्ये एका तरुण नटाच्या मृत्यूनंतर त्याच्या मैत्रिणीवर वृत्तवाहिन्यांनी जो खटला चालविला, त्या प्रकारच्या वृत्तांकनाने न्यायदानात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये स्पष्ट केले. माध्यम बदलले, आरोपीची निवड बदलली नाही.

मोकळ्या समाजाची ओळख तो दुसऱ्याच्या शय्येविषयी किती बोलतो, यावरून पटत नाही. त्या विषयावर न बोलण्याचे स्वातंत्र्य तो प्रत्येकाला देतो काय, यावरून पटते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. त्या हक्काचे रक्षण न्यायालयाहून अधिक वाचकाच्या हाती आहे. कारण चव्हाटा विक्रेत्यांनी भरत नाही, तो गिऱ्हाइकांनी भरतो.