हया की हयगय?

पालकसभा संपली, बाया पांगल्या, तरी एक आई बाकावर बसून राहिली. वर्गाचं दार लोटून ती हळूच म्हणाली, "आपा, मी नमाज सोडलीय." का, म्हणून विचारलं तर मान खाली. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "सज्द्यात गेले की लघवीचे थेंब पडतात. वजू कसा टिकणार?" तिसऱ्या बाळंतपणाला चार वर्षं झाली. रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या बायका तरावीहला जमतात, तिथंही ती जात नाही. खोकला आला तरी धास्ती. हे तिनं ना नवऱ्याला सांगितलं, ना आईला, ना डॉक्टरला. "असलं बोलायला शरम वाटते," म्हणाली.

मला तिचा राग आला नाही, आपल्या सगळ्यांचा आला. ही शरम तिला शिकवली कुणी? आपणच! मीही त्यातलीच. बी.एड.च्या सराव पाठात पुनरुत्पादनाचा धडा वाट्याला आला, तेव्हा फळ्यावर आकृती काढून "बाकीचं घरी वाचा" म्हणत मी मोकळी झाले. घरी कुणी वाचणार नाही आणि कुणी समजावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. याला आपण हया म्हणतो. मी हयगय म्हणते.

हयेच्या नावावर गप्प बसवणाऱ्यांनी आपला इतिहास तरी आठवावा. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रीच्या गुस्लबद्दलचा नाजूक प्रश्न थेट पैगंबर साहेबांना (स.) विचारला होता. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाची तक्रार मांडली, तेव्हा त्यांना कुणी गप्प केलं नाही. ही पाळी नव्हे, हे शिरेचं रक्त आहे, असं समजावून त्यांना नमाजचा मार्ग दाखवला गेला. लाजेमुळे दीन शिकायला मागे न राहणाऱ्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयशा (रजि.) यांनी तारीफ केली आहे. ज्यांची लघवी किंवा रक्त सतत झिरपतं, त्यांच्यासाठी फिकहमध्ये 'माजूर'चे नियम आहेत. आपण कोकणातले बहुतेक शाफई, घाटावरचे हनफी. तपशिलात फरक असेल, पण सवलत दोन्हीकडे आहे. आपली बाब त्यात बसते की नाही, हे आलिमांना विचारता येतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं!

आता शरीराचं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. गरोदरपणाच्या भारानं आणि बाळंतपणाच्या ताणानं ती सैल पडते. मग हसताना, खोकताना, वाकताना लघवी निसटते. कुणाचं मायांग खाली उतरतं. हा गुन्हा नाही, कुणाची नजरही नाही. अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी 1948 मध्ये यासाठी व्यायाम सांगितला. लघवी रोखून धरताना आपण जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, मनात पाच-सहा आकडे मोजायचे, सोडायचे. श्वास रोखायचा नाही. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पैसा लागत नाही, बुरखाही काढावा लागत नाही. मात्र दुखत असेल, मायांग उतरलं असेल, रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरीणबाईंना दाखवावं. काहींचे स्नायू सैल नसून आखडलेले असतात. त्यांना आवळण्यापेक्षा सैल सोडायला शिकावं लागतं. ते फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

हे दुखणं फक्त आपल्याच समाजाचं नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या खेड्यांत बुरखा नव्हता, पण तोंडं तिथंही बंदच होती.

गप्प राहण्याची किंमत मोठी असते. दुखणं विकोपाला गेलं की कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाका." 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा गाजला की सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी काढल्यानं लघवीची गळती थांबतेच असं नाही, हे त्या बाईला सांगणार कोण?

आणि मन? आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात. मालीश, शेक, मेथीचे लाडू, पूर्ण आराम. ही रीत चांगली आहे, ती मोडू नये. पण त्या चाळीस दिवसांत बाळाला दहादा विचारणारे आपण, "तुझं मन कसं आहे?" असं तिला एकदा तरी विचारतो का? ती रडली तर "असर झालाय" म्हणून ताविज. पहिले काही दिवस रडू येणं स्वाभाविक आहे. दोन आठवडे उलटूनही रडू, भीती, झोप उडणं, बाळाबद्दल ओढ न वाटणं थांबत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. दुआ जरूर करा. पण तिला डॉक्टरकडेही न्या. स्वतःचा किंवा बाळाचा जीव घेण्याचे विचार येत असतील तर एक तासही थांबू नका. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवायला कुणाची हरकत आहे?

त्या आईला घेऊन मी गेल्या महिन्यात दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर आमच्याच मोहल्ल्यातल्या आणखी दोघी होत्या. तिघींनी एकमेकींना ओळखलं आणि तिघींनीही चेहऱ्यावर नकाब ओढून घेतला.

शिकलेल्या भगिनींनो, आलिमांनो, हा नकाब आपण उचलायचा आहे. मुलींच्या वर्गात तो धडा पूर्ण शिकवा. बायकांच्या इज्तिमात वजू-गुस्लच्या मसल्यांबरोबर ही दहा मिनिटंही ठेवा. आणि सासूबाईंनो, चाळीस दिवसांत एकदा तरी सुनेजवळ बसा, तिला विचारा. ती हया सोडणार नाही. आपण हयगय सोडू या.