सल्लागार मंडळाला सल्ला कोण देणार?

आपल्या वसतिगृहाच्या सल्लागार मंडळावर मी गेल्या वर्षी होतो. निवडून आलो नव्हतो. एका सायंकाळी हजेरी घेताना अधीक्षक सर म्हणाले, "तूही ये रे मंडळावर," आणि मी गेलो. त्यामुळे या लेखात जी टीका आहे तिचा पहिला धनी मीच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

मंडळात आम्ही सात विद्यार्थी होतो. बैठक केव्हा भरायची हे ठरलेले नव्हते. भाजीत पाणी फार झाले, नळाला पाणी आले नाही किंवा गणपतीची वर्गणी ठरवायची असली, की बैठक. इतिवृत्ताची वही होती. पण तीत 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली' यापलीकडे फारसे काही नसे. चर्चा कशाची झाली, ठरले काय, ते कोणी करायचे, याचा पत्ता नाही. आणि ती वही मंडळाबाहेरच्या कोणी मागितलीही नाही, कारण ती मागता येते हेच कोणाला ठाऊक नव्हते.

गेल्या ऑगस्टात मेसची थकबाकी वाढली. किराणा दुकानदाराने उधारी बंद करण्याची भाषा केली. घाईने बैठक बोलावली. सातपैकी चौघे आलो. अर्ध्या तासात ठरले की दहा तारखेपर्यंत ज्याचे पैसे येणार नाहीत त्याचे ताट बंद. चौघांनी हे ठरवायचे की नाही, असे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर अकरा नावांची यादी लागली.

त्या यादीत माझ्या खोलीतला पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. दोन-तीन दिवस तो "पोट ठीक नाही" म्हणत जेवायला आला नाही. घरून आणलेल्या भाकरी संपेपर्यंत त्याने तसे भागवले. पोळ्याला गावी गेला तो परत आला नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या यादीत बारावे नाव माझे असायला हवे होते. माझीही दोन महिन्यांची बाकी होती. मी मंडळावर होतो म्हणून ते नाव यादीत आले नाही. मला ते दिसले आणि मी गप्प राहिलो.

माझे घर पुसेगावचे. आमच्या सेनगाव तालुक्यात काय किंवा सगळ्या हिंगोली जिल्ह्यात काय, शेतकऱ्याच्या घरात पैसा दरमहा येत नाही. मृगात पेरणीला जो पैसा जातो तो सोयाबीन घरात आल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास परत दिसतो. हळद लावली असेल तर ती काढून, शिजवून, वाळवून बाजारात न्यायला उन्हाळा उजाडतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल हंगामाच्या तोंडावर मिळते. श्रावण-भाद्रपद हे आमच्याकडे रिकाम्या खिशाचे महिने. त्या महिन्यांत दहा तारखेला पैसे मागणारा नियम ज्या चौघांनी केला ते चौघेही शेतकऱ्यांचीच मुले होती! घरी जे आपल्याला चांगले ठाऊक असते ते मंडळाच्या खोलीत गेल्यावर आपण का विसरतो? मला वाटते, कारण एकच : तिथे आपण कोणाच्या वतीने बसलो आहोत हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते आणि नंतर कोणी जाब विचारणारही नसते.

वसतिगृह ही महाराष्ट्रात साधी गोष्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांची वसतिगृहे तिथे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि आपली कामे आपण करू लागली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळा पाहिली नव्हती अशी मुले या वसतिगृहांमुळे शिकली. मीही त्याच वाटेवरचा. म्हणून ताट बंद करण्याचा ठराव हा हिशेबाचा साधा ठराव नव्हता. वसतिगृह ज्यासाठी असते त्याच्याच मुळावर आम्ही घाव घातला होता.

याच्यावर उपाय काय? काही प्राध्यापक म्हणतील, "मुले शिकायला आली आहेत, राजकारण करायला नव्हे. निवडणुका आल्या की गट आले, मारामाऱ्या आल्या." ही भीती खोटी नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले, ते अशाच अनुभवांमुळे. पुढे २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. पण माझे म्हणणे निवडणूक की नेमणूक एवढ्यापुरते नाही. निवडून आलेले मंडळही दार लावून बसू शकते. आम्ही नेमलेले होतो हा आमचा दोष नव्हता; आम्हाला स्वतःसाठी एकही नियम नव्हता हा दोष होता. दुसऱ्यांसाठी नियम करायला मात्र आम्हाला अर्धा तास पुरला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत समितीवर नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे. त्यामागचा विचार सरळ आहे : ज्याला सोसावे लागते तो बैठकीत हवा. आमच्या सात जणांत पहिल्या वर्षाचा एकही नव्हता. असता, तर त्या अकरांपैकी कोणीतरी तोंड उघडले असते.

तोंड उघडायची रीत आपल्याकडे नाही असेही नाही. नामदेव महाराजांची नरसी आपल्याच जिल्ह्यातली. वारी आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसे शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते. एवढ्या मोठ्या समुदायाला शिस्तही हवी आणि तक्रारीला जागाही हवी, हे वारकऱ्यांना कळले. शंभर मुलांच्या वसतिगृहाला ते कळू नये काय?

तेव्हा मंडळाने आधी स्वतःवर राज्य करावे. महिन्यातून एक बैठक ठरलेल्या वारी व्हावी आणि तिचे विषय आदल्या दिवशी फलकावर लागावेत. सातपैकी पाच हजर नसतील तर ठराव होऊ नये. प्रत्येक वर्षाचा एक तरी प्रतिनिधी त्या त्या वर्षाच्या मुलांनी निवडलेला असावा. वहीत ठराव, बाजूची व विरुद्धची मते नोंदवावीत आणि ती वही वाचनालयात ठेवावी. ज्या ठरावात सभासदाचा स्वतःचा नफा-तोटा असेल तिथे त्याने तसे सांगून बाजूला बसावे. थकबाकीदारांची नावे फलकावर लावू नयेत आणि पैसे भरण्याची मुदत सुगी पाहून ठरवावी. मंडळाने दिलेला सल्ला अधीक्षकांना मान्य नसेल तर त्यांनी कारण लेखी द्यावे. सल्ला मोडण्याचा अधिकार त्यांना आहे. पण न सांगता मोडला तर मंडळ नुसते शोभेचे राहते.

यात खर्च एका वहीचा आहे.

माझी बाकी मी दिवाळीनंतर, सोयाबीन विकल्यावर भरली. मला तेवढी सवलत मिळाली. तीच त्या मुलाला मिळाली असती तर तो आज दुसऱ्या वर्षात माझ्या मागच्या बाकावर बसला असता. त्याला मी दोनदा निरोप धाडला. उत्तर आले नाही, आणि त्याचा मला राग नाही.

यंदा मंडळावर जे मित्र जातील त्यांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या बैठकीत दुसऱ्यांच्या थकबाकीचा विषय काढण्यापूर्वी प्रत्येकाने आपली स्वतःची बाकी मोठ्याने सांगावी.