घरात बोला की, कोण अडवतंय?

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘घरात मराठी बोला की, कोण अडवतंय तुम्हाला?’ बोलणारा बहुधा दुष्ट नसतो. चार समजुतीच्या गोष्टी सांगून भांडण मिटवावे, एवढाच त्याचा हेतू असतो. पूर्वी हे वाक्य उघडेबोडके येत असे. आता त्याला परदेशी अंगरखा चढवून आणतात. दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वेचे नाव घेतात आणि सांगतात, ‘पाहा, तेथे साडेचारशे वर्षे कारभार स्पॅनिशमध्ये चालला, तरी लोकांची ग्वारानी भाषा मेली नाही. त्यांनी ती घरात जपली. भाषा जगायला सरकारी कागद लागत नाही.’ श्रोते माना डोलावतात, आणि नोटिशीचा, उताऱ्याचा, शाळेचा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

पराग्वेविषयी मिळेल ते मी हौसेने वाचत आलो आहे. त्या बळावर माझे म्हणणे असे की, ही साक्ष उलटी आहे. ज्याने हा साक्षीदार बोलावला, त्याने त्याची उलटतपासणी केलेली नाही.

आधी खरे ते मान्य करू. पराग्वे हा ब्राझील, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया यांच्या मध्ये अडकलेला, समुद्रकिनारा नसलेला देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सव्वापटीहून जास्त, लोकसंख्या मात्र २०२२च्या जनगणनेनुसार एकसष्ट लाखांच्या आसपास. पराग्वे नदी देशाचे दोन भाग करते. पश्चिमेचा चाको हा रुक्ष, काटेरी झुडपांचा आणि जवळजवळ निर्मनुष्य प्रदेश, तर माणसे राहतात ती मुख्यतः पूर्वेला. या देशात मूळनिवासी जमातींचे लोक शंभरात दोन-तीनच आहेत. पण १९९२च्या जनगणनेत सुमारे सदतीस टक्के लोक केवळ ग्वारानी बोलणारे, सुमारे निम्मे दोन्ही भाषा बोलणारे आणि केवळ स्पॅनिश बोलणारे सात टक्क्यांच्या आसपास होते. जेत्यांच्या वंशजांनीच जितांची भाषा आपली मानावी, असे दुसरे उदाहरण त्या खंडात नाही. येथवर आमचे उपदेशक बरोबर आहेत.

पण ते ज्या घराचे गुणगान करतात, ते घर कसे उभे राहिले? १५३७ मध्ये स्पॅनिशांनी असुन्सिओनचे ठाणे वसवले. त्यांना हवी होती चांदी, आणि पराग्वेत ना चांदी निघाली ना सोने. सोबत स्पॅनिश बायका जवळजवळ नव्हत्याच. ग्वारानी लोकांत सोयरिकीने मैत्री पक्की करायची रीत होती. स्पॅनिशांनी तिचा फायदा घेतला. एकेका शिपायाच्या घरात अनेक ग्वारानी बायका आल्या. काही सोयरिकीने आल्या, पुढे पुढे तर धाड घालून पकडून आणल्या गेल्या. शेत त्यांनी कसले, सूत त्यांनी कातले, आणि पोरे त्यांनीच वाढवली. गव्हर्नर इरालाने १५५६ मध्ये मृत्यूपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात वेगवेगळ्या ग्वारानी बायकांपासून झालेल्या आपल्या मुलांची नोंद आहे. ही मुले बापाचे नाव लावत आणि आईची भाषा बोलत. ग्वारानी घरात ‘जपली’ गेली ती अशी. ज्या बाईला अंगणाबाहेर शब्द नव्हता, तिने तो अंगणात ठेवला. याला भाषेची सुरक्षितता म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मला त्यात त्या बाईची कोंडी दिसते.

दुसरी गोष्ट. ग्वारानी केवळ चुलीपाशी टिकली, हेही अर्धसत्य आहे. तिला लिखित रूप मिळाले. जेझुइट पाद्री अंतोनिओ रुइस दे मोंतोया याचा ग्वारानीचा मोठा कोश १६३९ मध्ये माद्रिदमध्ये छापला गेला. जेझुइटांनी वसवलेल्या तीस गावांत अठराव्या शतकाच्या आरंभी छापखाना चालत होता. धर्मप्रसार हा त्यांचा स्वार्थ होता, यात शंका नाही. पण गावच्या पंचांना आपल्या भाषेत कागद लिहिता येऊ लागला, आणि त्या कागदाचे काय झाले ते आम्हा सीमावासीयांनी मुद्दाम वाचावे.

१७५० मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी माद्रिदला करार करून दक्षिण अमेरिकेतील सीमा नव्याने आखली. उरुग्वे नदीच्या पूर्वेची सात ग्वारानी गावे पोर्तुगालच्या वाट्याला गेली. तेथल्या सुमारे तीस हजार माणसांनी घरेदारे, देवळे आणि शेते सोडून नदीपलीकडे निघून जावे, असा हुकूम सुटला. माद्रिदमध्ये बसून नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना त्या गावांत कोणती भाषा बोलतात याच्याशी कर्तव्य नव्हते. १७५३ मध्ये गावच्या प्रमुखांनी ब्युनोस आयर्सच्या गव्हर्नराला पत्रे लिहिली. ती ग्वारानीत लिहिली. आम्ही राजाशी इमान राखले, ही जमीन आम्ही आणि आमच्या वाडवडिलांनी राबून उभी केली, मग आम्ही का जावे, असा त्यांचा सवाल होता. उत्तर म्हणून स्पेन आणि पोर्तुगालचे संयुक्त सैन्य आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये कायबोआतेच्या लढाईत सुमारे दीड हजार ग्वारानी मारले गेले. पाच वर्षांनी, १७६१ मध्ये, तोच करार रद्द झाला! माणसे मात्र परत आली नाहीत.

ज्यांना भाषा आपोआप वाढतात आणि आपोआप मरतात असे वाटते, त्यांनी त्या काळचे हुकूमही चाळावेत. पोर्तुगालच्या पोंबाल सरकारने १७५७ मध्ये उत्तर ब्राझीलसाठी आणि लगोलग साऱ्या ब्राझीलसाठी निर्बंध काढून, तुपी भाषेतून घडलेली व तेथे घरोघर चालणारी ‘सर्वसामान्य भाषा’ मोडीत काढायला घेतली. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने १७७० मध्ये अमेरिकेतील देशी भाषा नाहीशा करून सर्वत्र कास्तिलियन म्हणजे स्पॅनिश चालवावी, अशी राजाज्ञा दिली. १७८१ मध्ये तुपाक आमारूचे बंड मोडल्यावर पेरूमध्ये केचुआ भाषेवर, इंकांच्या पोशाखावर आणि त्यांच्या नाटकांवर बंदी आली. आमच्या गोव्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. १६८३ मध्ये फोंड्यावर चालून जाऊन संभाजीराजांपुढे माघार घेतलेला व्हाइसरॉय, काउंट ऑफ आल्व्होर, याने पुढच्याच वर्षी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला होता. भाषा जर घरातच सुखरूप राहत असेल, तर या सत्ताधीशांनी इतका कागद कशाला खर्च केला? राज्यकर्त्याला भाषेची ताकद पक्की कळते. ती विसरण्याचा उपदेश फक्त प्रजेला केला जातो.

स्वतंत्र पराग्वेने तरी काय केले? संकटात आईची आठवण यावी, तशी सरकारला ग्वारानीची आठवण आली. १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्याशी झालेल्या भयंकर युद्धात सैनिकांना धीर देण्यासाठी ग्वारानीत वृत्तपत्रे निघाली. देशातले बहुतेक प्रौढ पुरुष त्या युद्धात नाहीसे झाले. युद्ध हरल्यावर जे नवे सरकार आले, त्याने शाळांतून ग्वारानीला मनाई केली. पुढे १९३२ ते १९३५ या काळात बोलिव्हियाशी चाकोचे युद्ध जुंपले. तेव्हा शत्रूला कळू नयेत म्हणून आघाडीवरचे संदेश ग्वारानीत जाऊ लागले. युद्ध जिंकले. शिपाई गावी परतला, आणि त्याच्या मुलाला शाळेत तीच भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत राहिली. देशासाठी मरताना चालते, दाखला मागताना चालत नाही!

१९४३ मध्ये देशाच्या चलनाचे नावच ‘ग्वारानी’ ठेवले गेले. १९६७च्या घटनेने ग्वारानीला ‘राष्ट्रीय’ भाषा म्हटले, पण कारभाराची भाषा स्पॅनिशच ठेवली. हा मान म्हणजे घरच्या म्हातारीला दसऱ्याला सोने देऊन पाया पडायचे आणि कपाटाच्या किल्ल्या मात्र आपल्या कमरेला ठेवायच्या, असा प्रकार. स्ट्रोस्नरची पस्तीस वर्षांची हुकूमशाही १९८९ मध्ये कोसळली, आणि १९९२च्या घटनेने प्रथमच दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. २०१० मध्ये भाषा कायदा झाला, त्यातून भाषा अकादमी आली, आणि तिने २०१५ मध्ये तेहतीस अक्षरांची वर्णमाला ठरवली. हे सारे मोलाचे आहे. पण तारखा पाहा. जिची अवघी प्रजा बोलते, त्या भाषेला वर्णमाला ठरायला एकविसावे शतक उजाडावे लागले! आजही तेथील कायदे आणि कोर्टाचे निकाल मुख्यतः स्पॅनिशमध्येच लिहिले जातात. आणि ‘घरात जपलेल्या’ त्या भाषेचे घरात काय चालले आहे? पुढच्या जनगणना आणि पाहण्या सांगतात की, घरातही स्पॅनिशच बोलणाऱ्यांचा वाटा वाढत चालला आहे, विशेषतः असुन्सिओन शहरात आणि आसपास. कचेरीत नाकारलेली भाषा शेवटी उंबरठाही सोडते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. ‘आईबापांनाच पोराला स्पॅनिश शिकवायची असते.’ खरे आहे. पराग्वेत मातृभाषेतून शिक्षण सुरू झाले तेव्हा तक्रार करणाऱ्यांत ग्वारानी बोलणारे पालकही होते. त्यांची एक तक्रार तर अगदी रास्त होती: पुस्तकातली सोवळी, नवे शब्द पाडलेली ग्वारानी त्यांना कळत नव्हती. ते बोलत होते ती स्पॅनिश मिसळलेली ‘जोपारा’. (आमच्या शासकीय मराठीच्या शब्दकारांनीही हे ध्यानात घ्यावे.) पण दुसरी तक्रार भाषेची नव्हतीच. ज्या भाषेत नोकरी नाही, अर्ज नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही, ती पोराच्या गळ्यात का बांधावी, असा तो हिशेब होता. आधी भाषेचे सगळे दरवाजे बंद करायचे आणि मग लोक तेथून निघून जातात म्हणून लोकांकडेच बोट दाखवायचे, हा न्याय कोणता?

ग्वारानीचा अभिमान मिरवणाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. २५ ऑगस्टला तेथे ग्वारानी भाषा दिन साजरा होतो. भाषणे होतात, गाणी होतात. पण ज्या मूळनिवासींकडून ही भाषा आली, त्यांच्या जमिनी सोयाबीनच्या शेतांखाली आणि गुरांच्या कुरणांखाली जात राहिल्या. एकूण एकोणीस जमाती तेथे आहेत, आणि त्यांतील चाकोच्या बऱ्याच जमातींच्या भाषा तर ग्वारानीहून अगदी वेगळ्या. त्यांना स्पॅनिश परकी आणि ग्वारानीही परकीच. भाषेची पूजा आणि बोलणाऱ्याची हेळसांड एकाच मांडवात सुखाने नांदू शकतात.

म्हणून आमच्या बाजूनेही मन स्वच्छ असले पाहिजे. मला कन्नडचा राग नाही; ती थोर भाषा आहे आणि शेजारणीची आहे. मला घरपट्टीची नोटीस मला कळणाऱ्या भाषेत हवी आहे, आणि माझ्या नातवाची शाळा पटसंख्येच्या सबबीवर बंद पडायला नको आहे. पण हेच मागणे जत आणि अक्कलकोटचा कन्नड माणूस महाराष्ट्र सरकारकडे करील, तेव्हा मला त्याच्या शेजारी उभे राहावे लागेल. कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी शाळेत मुके बसत असेल, तर तेथे असुन्सिओनच्या कचेरीची जागा आम्ही घेतलेली आहे. हा न्याय सोयीपुरता वापरता येत नाही.

तेव्हा यापुढे कोणी पराग्वेचे नाव घेऊन ‘घरात बोला की’ म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे: बाबा रे, घरात बोलायला तुझी परवानगी मागितली कोणी होती? आम्ही बोलतो आहोत ते कचेरीबद्दल, कोर्टाबद्दल, शाळेबद्दल. त्याचे उत्तर दे.