एकीला वही लागते



जिल्ह्याच्या मेळाव्याला आपण येतो. फडक्यात भाकरी बांधून, ट्रॉलीत दाटीवाटीने बसून येतो. घोषणा अशा देतो की मंडप हलावा. संध्याकाळी गावात परतलो की पुन्हा ज्याचे त्याचे शेत, ज्याचा त्याचा बांध आणि ज्याचे त्याचे नशीब. शेजारच्या वावरात काय चालले आहे असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ‘माले काय करनं शे?’

हे उत्तर आपल्याला किती महाग पडले, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे. हा हिशेब सरकारचा नाही, व्यापाऱ्याचाही नाही. त्यांचा आपण नेहमीच मांडतो आणि पुढेही मांडू. आजचा हिशेब आपला स्वतःचा आहे.

‘शेतकरी कधी एक होत नाही’ असे पुढारी म्हणतात. बँकेचा साहेब म्हणतो, बाजारातला आडत्या म्हणतो आणि हळूहळू आपणही म्हणायला लागलो आहोत. आमचे म्हणणे वेगळे आहे. शेतकरी एक होतो. एक राहायला मात्र व्यवस्था लागते आणि तिथे आपण कमी पडतो. एकी ही काही नुसती भावना नव्हे. एकी म्हणजे ठरलेला नियम, वाटून दिलेले काम, कामाचा मोबदला आणि सगळ्यांसमोर वाचलेला हिशेब. यातले एक जरी नसले तरी एकी पोळ्याच्या झुलीसारखी होते. एक दिवस अंगावर, मग वर्षभर पेटीत.

पांझरेच्या काठची शाळा

हे शिकायला परदेशी जायला नको. धुळे जिल्ह्यात साक्रीपासून खाली पांझरेच्या काठाने चालत जा. तिथे आपल्या वाडवडिलांनी तीनशेहून अधिक वर्षे फड चालवले. नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांवरही तीच पद्धत होती. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्या गावाची जमीन आणि त्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एकच पीक. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडे जोंधळा. पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय पेरायचे ते एकटा मालक ठरवत नसे, सगळे मिळून ठरवत. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे नफा झाला तर सगळ्यांना आणि मार बसला तर सगळ्यांना.

यातली माणसे बघा. पाटाची देखरेख करणारा पाटकरी. रान भिजवणारा बारेकरी. जनावरांपासून पीक राखणारा जागल्या. त्यांच्यावर नजर ठेवणारा हवालदार. आणि सगळ्यांवर पंच, तेही पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनीच नेमलेले. शेतकऱ्याने स्वतः जाऊन पाट फोडायचा नाही. पाणी बारेकरी देणार, क्रमाने देणार, मग तो पाटलाचा मळा असो की विधवेचा बिघा. या माणसांना मोबदला मिळे तो धान्यात किंवा पैशात आणि तो जमिनीच्या प्रमाणात सगळ्यांकडून जमा होई. पावसाळ्याआधी पाट साफ करायला घरटी माणूस जायचा. नाही गेला तर दंड.

आता यातली खरी गोष्ट ऐका. पाऊस कमी पडला, नदी आटली, तर काय करत? शेपटाच्या शेतकऱ्याला वाळू देत नसत. भिजवायचे क्षेत्रच कमी करत. एक फड पडीक ठेवत आणि उरलेले भिजवत. त्या पडीक फडात मोठ्याचाही तुकडा असे आणि लहानाचाही. टंचाई वाटून घ्यायचा नियम टंचाई येण्याआधीच ठरलेला असे. भरल्या नदीवर भाऊबंदकी सांभाळायला अक्कल लागत नाही. आटल्या नदीवर ती सांभाळून दाखवणे याला व्यवस्था म्हणतात. आमच्या आजोबा-पणजोबांना लिहिता येत नव्हते, पण ही विद्या त्यांना येत होती.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, पाण्याचा ताबा खात्याकडे गेला, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याला त्याला आपले पीक आपल्या मर्जीने घ्यावेसे वाटू लागले. बरेच फड मोडले. बंधाऱ्याचे दगड जागेवर आहेत, पंचांचा शब्द मात्र वाहून गेला.

‘ही बागायतदारांची कहाणी, आम्हा कोरडवाहूवाल्यांना तिचा काय उपयोग? आमच्याकडे ना नदी ना पाट,’ असे तुम्ही म्हणाल. थांबा. पुढची गोष्ट तुमच्याच वावरातली आहे.

अळीला बांध कळत नाही

२०१७ साल आठवा. त्या खरिपात गुलाबी बोंडअळीने खान्देश, विदर्भ आणि मराठवाडा एकदम धरला. कैऱ्या वरून हिरव्यागार, फोडल्या की आत किडक्या. वेचणीला गेलेल्या बाया कवडी घेऊन घरी आल्या. फवारणीचा उपयोग झाला नाही, कारण अळी कैरीच्या आत आणि औषध बाहेर. किती जणांनी उभ्या कपाशीवर नांगर फिरवला ते इथे बसलेल्यांना माहीत आहे.

दोष कुणाचा? बीटी बियाणे देशात २००२ मध्ये आले आणि दोन जनुकांचे २००६ मध्ये. बोंडअळीची चिंता मिटली असे आपल्याला सांगितले गेले. काही वर्षांतच गुजरातेत गुलाबी अळी बीटीला दाद देईनाशी झाली. ते ज्यांना दिसत होते त्यांनी वेळीच दवंडी पिटली नाही. हा दोष त्यांचा. तो आम्ही कधी माफ केला नाही आणि करणार नाही.

पण आपले काय? ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगरबीटीची पुडी येत असे. कडेने तिच्या ओळी लावल्या तर अळीत बीटी पचवण्याची ताकद सावकाश वाढते, यासाठी ती होती. किती जणांनी ती लावली? बहुतेकांनी बांधावर फेकली. ‘बाजूचा लावेल, मी कशाला?’ बाजूचाही तेच म्हणाला.

मग फरदड. भाव वाढेल, दोन-चार क्विंटल निघेल, म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाट्या उभ्या ठेवल्या. गुलाबी अळीचे मुख्य खाद्य कापूस. तिला वर्षातले पाच-सहा महिने कापूस दिसला नाही तर तिची साखळी तुटते. आपण ती तुटू दिली नाही. शिवाय ज्यांच्याकडे विहीर आणि ठिबक आहे त्यांनी मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावली. त्या कपाशीला पाते-फुले लवकर लागली, पतंगाला घर मिळाले, एक पिढी तिथे वाढली आणि पावसावर पेरणाऱ्याच्या कपाशीला कैऱ्या लागेपर्यंत फौज तयार होती. ज्याने काहीच चूक केली नव्हती त्या कोरडवाहूवाल्याचेच घर बुडाले.

आता सांगा, फड आणि ही अळी यांत फरक काय राहिला? तिथे पाणी सगळ्यांचे होते, इथे धोका सगळ्यांचा आहे. कोणी काय पेरावे, कधी पेरावे आणि कधी मोडावे हे एकेकट्याच्या मर्जीवर सोडले तर शेपटाचा माणूस मरतो. एका गावात शंभरातल्या नव्वदांनी डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटल्या आणि दहांनी ठेवल्या, तर नव्वदांचे श्रम दहा जण पाण्यात घालतात.

जमते का हे कुणाला? जमले आहे. अमेरिकेत ही गुलाबी अळी १९१७ पासून होती. तिथल्या कापूसवाल्यांनी मतदान करून मोहीम अंगावर घेतली आणि खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला. बीटी कपाशी, कामगंध सापळे, वांझ केलेले पतंग सोडणे आणि ठरल्या तारखेच्या आत सगळ्यांच्या पऱ्हाट्या जमिनीत गाडणे, हे सगळे एकत्र केले. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने कापूस पट्ट्यातून अळी संपल्याचे जाहीर केले. त्यांची शेते शेकडो एकरांची, पाठीशी सरकारचा पैसा आणि विमाने. ते सगळे आपल्याकडे नाही हे आम्हाला कळते. पण तारीख पाळायला विमान लागत नाही.

दादरीचेही तेच

ज्वारीवाल्यांनी हसू नये. दादर कमी का झाली? भाव नाही हे खरेच. पण ज्याने हट्टाने पेरली त्याला विचारा. पंचक्रोशीतली सगळी पाखरे त्याच्या एकट्याच्या कणसांवर, रानडुकरे त्याच्या एकट्याच्या रानात. पूर्वी सलग शिवारभर दादर असे, तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई आणि राखणही पाळीपाळीने होई. एकट्याची गोफण किती दिवस चालणार? दहा जणांनी लागून लागून पेरली तर एक जागल्या पुरतो आणि दहा घरांना कडबा मिळतो.

चूक आमच्या घरातली

आमच्यातल्या काहींनी एकदा गावचा कापूस एकत्र करून विकायचा ठरवला. उत्साह दांडगा. पण कोणाचा कापूस ओला, कोणाचा कवडीचा, हे भरताना बघायला कोणी नेमला नव्हता. चांगला आणि वाईट एका गाडीत गेला. बाजारात ओलाव्याची कट्टी सगळ्यांना सारखी लागली. ज्याचा कापूस कोरडा होता तो बिघडला, ज्याचा ओला होता तो गप्प बसला. पैसे वाटायला तीन आठवडे लागले, कारण वजनाच्या चिठ्ठ्या दोन खिशांत आणि एका पिशवीत होत्या. कोणी चोर नव्हता. तरी पुढच्या वर्षी सगळे पुन्हा खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर. ती एकी व्यापाऱ्याने मोडली नाही. नसलेल्या वहीने मोडली.

२०१७ च्या मदतीचेही तसेच झाले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये जाहीर झाले. त्यात आपत्ती निधीचा, पीक विम्याचा आणि बियाणे कंपन्यांच्या भरपाईचा असे वेगवेगळे तुकडे होते. कंपनीकडून घ्यायचे तर तक्रारीचा अर्ज हवा, बियाण्याची पावती हवी. किती जणांची पावती घरात सापडली? जाहीर रकमेला हात न लागलेले लोक गावोगाव आहेत. सरकारने फसवले म्हणा, जरूर म्हणा. पण हातात पावती असलेल्या शंभर जणांचे म्हणणे टाळायला अधिकाऱ्याला घाम फुटतो. घोषणा देणाऱ्या हजारांना तो चहा पाजून परत पाठवतो.

काय करायचे

आमचे म्हणणे लांबलचक नाही.

गावात पाच पंच नेमा. त्यात दोन बाया हव्यात, कारण डोमकळी आणि कवडी आधी त्यांना दिसते. विहीरवाल्याचा एक आणि कोरडवाहूवाल्याचे दोन तरी हवेत.

तारखा दोन. पहिली पेरणीची : पुरेसा पाऊस झाल्याशिवाय कपाशी नाही आणि मे महिन्यात तर नाहीच. दुसरी मोडणीची : डिसेंबरअखेर शिवारात पऱ्हाटी उभी नको. ग्रामसभेत हात वर करून ठरवा आणि लिहून सह्या घ्या. फरदडीने गरिबाच्या घरात चार पैसे येतात हे आम्ही विसरत नाही. त्याला नुसते ‘मोड’ म्हणून चालणार नाही. पऱ्हाट्यांचा भुगा करायचे यंत्र गावाने मिळून आणावे आणि पहिला नंबर लहान शेतकऱ्याचा लावावा. जळणाची सोय आधी बोलून घ्यावी.

जागल्या नेमा. एकरी दोन कामगंध सापळे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फळ्यावर लिहायचे, मग सगळ्यांनी एकाच वेळी फवारायचे. त्याला एकराप्रमाणे मोबदला द्या. फुकटचे काम आठवडाभर टिकते.

शेवटचे, वही. बियाण्याच्या पावत्या, सापळ्याचे आकडे, वर्गणी, दंड, विक्रीचे वजन सगळे तिच्यात. पेरणीआधी, दिवाळीला आणि मोडणीनंतर चावडीवर मोठ्याने वाचायची. पंचाच्या भावाचा दंडही त्याच आवाजात वाचायचा. तिथे आवाज खाली आला की समजा, फड मोडला.

भावाची लढाई सोडायची नाही. पण त्या लढाईला जाणारी फौज आधी गावात उभी राहावी लागते. जे गाव पऱ्हाट्या उपटायची एक तारीख पाळू शकत नाही, ते गाव ‘या भावाच्या खाली कापूस विकणार नाही’ ही शपथ कशी पाळणार? आणि ज्या गावाने तीन वर्षे तारीख पाळली, त्या गावाच्या शपथेला व्यापारीही घाबरेल आणि मंत्रीही.

पांझरेच्या काठचे पंच काही देवमाणसे नव्हते. आपल्यासारखेच भांडखोर, हट्टी आणि मतलबी होते. म्हणूनच त्यांनी नियम केले आणि पाटावर माणूस बसवला.

पुढच्या मेळाव्याला येताना पुढाऱ्यासाठी हार आणू नका. गावाची वही आणा. मंचावर आधी ती वाचली जाईल, भाषणे नंतर.