नोकरी गेली, आता उमेद कुठून आणायची?

मुंबईतील कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी जाहीरच केले नाही. अनेक गिरण्या थंडावल्या आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांत माणसे ट्रंका घेऊन उतरली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुढच्या पिढीनेही तेच पाहिले. एरवीही एमआयडीसीत कंत्राट संपले की पोरे गावी येतातच, त्याची बातमी होत नाही एवढेच.

अशा माणसाला गावात पहिला सल्ला मिळतो, "आता स्वतःचं काहीतरी काढ." सल्ला खोटा नाही. पण इतकी वर्षे त्याला भोंग्याने उठवले, जॉबरने काम सांगितले आणि महिन्याच्या पगाराने केल्या कामाची पोच दिली. गावी आल्यावर ही तिन्ही एकदम सुटतात. मग तो सकाळी नऊ वाजता पारावर दिसला, की लोक आळशी म्हणून मोकळे होतात. आमच्या मते हा आळस नव्हे. काम करायची सवय त्याच्या अंगात आहेच, पण आज काय करायचे हे स्वतः ठरवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नव्हती.

परतलेल्या माणसाला म्हैस का मानवते, याचे उत्तर इथेच आहे. धार चुकवता येत नाही. डेअरी ठरल्या वेळी उघडते आणि बंद होते. कोल्हापूरकडे दहा दिवसांनी मिळणाऱ्या बिलाला लोक 'दुधाचा पगार' म्हणतात. (पेंडीचे पैसे वजा जाता त्यात उरते काय, हा वेगळा विषय!) पण दर दहा दिवसांनी हातात पडणारा पैसा माणसाला उठवतो. ज्याच्या हातात फिटरची, वेल्डरची किंवा मोटार भरण्याची कला आहे, त्यानेही हेच धोरण ठेवावे. आधी वाट बघणारे चार गिऱ्हाईक जोडावे, दुकान उघडण्याची वेळ ठरवावी, रोजची आवक-जावक वहीत लिहावी. उमेद येईल तेव्हा काम सुरू करू, असे म्हणणारा बसूनच राहतो.

उलट मोठ्या कर्जापासून सुरुवात करणारे फसतात. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान ठरवले गेले. पण ही रक्कम हाती पडत नाही. ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळती होते. हप्ता मात्र चुकत नाही. केवळ अनुदानावर डोळा ठेवून टेम्पो किंवा पिठाची गिरणी काढणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

आता कारभाऱ्यांकडे वळू. परतलेल्याचे नाव पुष्कळदा सातबाऱ्यावर नसते. बाप जाऊन दहा वर्षे झाली तरी वारसनोंद राहिलेली, किंवा चार भावांचे खाते समाईक. अशा कागदावर बँक कर्ज द्यायला कां-कू करते आणि माणसाची सगळी जिद्द हेलपाट्यांत मुरते. तलाठ्यांनी (पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले तरी गाव तलाठीच म्हणते) निदान वारसाचे फेरफार तुंबवू नयेत. सहहिस्सेदारांचे एकमत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, हेही त्याला कुणीतरी सांगायला हवे.

अडते ते एकमतावर. शहरातला भाऊ परत आला की गावच्या भावाच्या पोटात गोळा येतो, हा आता वाटा मागणार म्हणून. इतकी वर्षे रान त्याने राखलेले असते, त्यामुळे त्याचेही चूक म्हणता येत नाही. सरपंच, पोलीस पाटील यांनी दोघांना एकत्र बसवून हे बोलणे रोहिणीचा पाऊस पडायच्या आत उरकून घेतले, तर निदान यंदाचा खरीप तरी त्याच्या हाती लागेल.