फळीवरचा मालधक्का

घरात छोटी रेल्वे मांडायची म्हटलं की पुण्याचं जोशींचं म्युझियम आठवतं. भाऊ जोशींनी १९९८ साली कोथरूडला खुलं केलेलं ते आख्खं शहर बघून माणूस खूष होतो आणि म्हणतो, "आपल्याला कुठलं जमणार!"

माझं मत उलट आहे. बदलीच्या नोकरीत वाट्याला आलेल्या सुरतेतल्या दोन खोल्यांतही हे जमतं. फक्त गोल गोल धावणाऱ्या गाडीचा हट्ट सोडायचा. धावणं हे रेल्वेचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे शंटिंग, आणि त्याला भिंतीलगतची पाच फूट लांब, एक फूट रुंद फळी पुरते.

ॲलन राइट या इंग्रज गृहस्थांनी याची एक युक्ती काढली. दोन सांधे, तीन फाटे. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. (वॅगनची वाघीण करणाऱ्या मराठी माणसाला माझा नमस्कार!) इंजिनाच्या बाजूचा रूळ मुद्दाम तोकडा, इंजिन आणि तीनच वाघिणी मावतील एवढा. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. असे क्रम होतात ६७२०! तळातली फाइल काढायला वरच्या सात उचलणाऱ्या आम्हा कारकुनांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पण मग त्या फळीवर लोक जर्मन खेडं वसवतात, बर्फासकट. इथे माझं भांडण आहे. माझे खानदेशी शेजारी म्हणतात, उधना करा, आमची जळगावची लाइन तिथूनच फुटते. त्यांनी ते जरूर करावं. माझ्या फळीवर मात्र मडगावचा मीटर गेजचा मालधक्का येणार.

पोर्तुगीज अमदानीत, १८८० च्या दशकात, मुरगावहून घाटाकडे गेलेली ही लाइन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. जुने रूळ गेले. नकाशात फाटे सापडतीलही, पण कुठली वाघीण आधी काढत, सांधेवाला कुठे उभा राहायचा, पावसात माल कसा झाकत, हे नकाशात नसतं. ते त्या काळच्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं आता थकली आहेत. नुसतं "आठवणी सांगा" म्हटलं तर ती ओशाळतात. "काका, हा सांधा इथे की तिथे?" असं विचारून कागद पुढे करावा, मग बघा.

१:८७ प्रमाणात मीटर गेज साडेअकरा मिलिमीटरचं होतं. सहज मिळणारे रूळ १६.५ चे. काटेकोर मंडळी नाकं मुरडतील. मुरडोत बापडी. गेज चुकलं तर चालेल, वाघिणींची चाल चुकता कामा नये.

गणपतीला गोव्यात येतोय. मडगाव, सावर्डे, कुळे, कुठेही कुणाचे आजोबा, काका शंटर किंवा सांधेवाले असतील तर कळवा. कागद-पेन्सिल घेऊन मीच घरी येईन.